भरलेल्या खुर्च्या

नवरा गेल्यावर चष्मेवालीने रविवारचा स्वयंपाकच सोडला. आठवडाभर दुकानात लोकांची नजर तपासायची, भिंगं घासायची, संध्याकाळी उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायचं. रविवारी तेवढंही नको व्हायचं. नणंदेने हे ओळखलं. नणंद चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. एकुलता एक भाऊ गेल्यावर तिलाही वहिनीवाचून कुणी उरलं नव्हतं. दिवसभर कानाला हेडफोन लावून एका कंपनीसाठी परक्या माणसांच्या तक्रारी ऐकायची. तिनेच हे खूळ काढलं. शहरात हौशी लोक एका दिवसापुरतं हॉटेल मांडायचे, कुणी घरच्या टेबलावर, कुणी गॅरेजमध्ये. आधी कळवायचं आणि अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून जेवून यायचं.

"भिंतींशी किती बोलशील, वहिनी? चल, आवर."

बंद पडलेल्या लॉण्ड्रीतल्या जेवणाला साबणाचा वास होता. गॅरेजवाला सूपात मीठ विसरला आणि वर म्हणाला, असंच असतं ते. पण दोघी येताना पोट धरधरून हसल्या. चष्मेवालीला वाटलं, चला, खूळ वाईट नाही.

मग एका रविवारी दोघी एका काकूंकडे गेल्या.

भर दुपारी. स्वच्छ उन्हाचं घर, पांढरा टेबलक्लॉथ, खिडकीत कुंड्या. काकू हडकुळ्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी प्रत्येक पाहुण्याला दारातच निरखून पाहिलं आणि ज्याची त्याची खुर्ची दाखवली. नणंदेला खिडकीजवळची, जुनी, हात झिजलेली. चष्मेवालीला मात्र कोपऱ्यातली कोरी करकरीत.

"ती जास्तीची आहे," काकू म्हणाल्या. "कुणाचीच नाही."

सूप झालं, भाजलेला मासा आला. सगळे चवीने जेवत होते. पण गप्पा हळूहळू विझल्या, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. चष्मेवालीने सहज नणंदेकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

नणंदेने चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. तिचा जवळचा नंबर चांगला अडीच. चष्मा वहिनीनेच करून दिलेला. त्याच्याशिवाय तिला पुढ्यातला भात की पाव कळायचं नाही. आणि आता ती माशाचे केसासारखे काटे एकेक करून वेचत होती. तेही डाव्या हाताने. जन्मात तिने डाव्या हाताने चमचा धरला नव्हता.

"आई, थोडा रस्सा वाढ ना," ती काकूंना म्हणाली. आवाज तिचाच, पण सूर एखाद्या लाडावलेल्या मुलीचा.

काकूंनी रस्सा वाढला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. समोरचा टकला गृहस्थ मुठीने टेबलावर ठेका धरत होता, एक पोक्त बाई पाय हलवत पावातला मऊ भाग तेवढा खात होती.  चष्मेवालीने कसंबसं जेवण उरकलं आणि नणंदेला दंडाला धरून जिन्यावर आणलं.

चार पायऱ्या उतरल्यावर नणंदेने डोळे चोळले, पर्समधून चष्मा काढून लावला. "काय चव आहे बाईच्या हाताला! पुढच्या रविवारी परत येऊ."

"तू तिला आई म्हणालीस."

"हट्! मी कशाला म्हणू?"

चष्मेवाली परत जाणार नव्हती. नणंद मात्र एकटी जाऊ लागली, दर रविवारी. आधी ती संध्याकाळी फोन करून काय काय खाल्लं ते सांगायची, मग तेही थांबलं. एकदा चष्मेवाली तिच्या घरी गेली, तर ही डाव्या हाताने सुईत दोरा ओवत बसलेली. नाकावर चष्मा नाही. वर पाहून हसली, पण ओळखीचं हसू नव्हे; दारात आलेल्या शेजारणीकडे पाहून हसतात तसं.

"आईने ब्लाउज शिवून ठेवायला सांगितलाय," ती म्हणाली.

तिची आई तिच्या शाळेच्या वयातच गेली होती.  पुढच्या रविवारी न बोलावता चष्मेवाली काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

पंगत बसलेलीच होती. कोऱ्या खुर्चीत आज एक गलेलठ्ठ गृहस्थ होते. जनावरांचे डॉक्टर आहोत, असं मोठ्याने सांगून हसत होते. हसणारे तेवढे एकटेच. नणंदेने वहिनीकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

काकूंनी चष्मेवालीला स्वयंपाकघरात नेलं. त्या काही लपवत नव्हत्या.

"माझं सगळं घर सहलीला गेलं होतं. मला ताप, म्हणून मी मागे राहिले. होडी उलटली." त्या बशा पुसत राहिल्या. "मी स्वयंपाक सोडला नाही. ज्याला जसं लागायचं तसं वाढत राहिले. रिकाम्या खुर्च्यांपुढे. मग एकदा वाटलं, कुणी जेवायला तरी बसू दे. बसले, आणि त्यांच्यात माझी माणसं आली."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या घरात ती मेल्यावरही गेली नव्हती.

"आणि बाहेरच्या लोकांचं काय?"

"जेवतात, उठतात, जातात. त्यांचं काही बिघडत नाही. तुझी नणंद तेवढी उठायला मागत नाही. मी धरून ठेवलेली नाही तिला. तिला घरी कोण आहे?"

"मी आहे!"

काकूंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक कोरी बशी तिच्या पुढ्यात सरकवली. "तुझंही कुणी गेलंय. दिसतंय. ती कोपऱ्यातली खुर्ची माझ्या कुणाचीच नाही, तिथे बसलेल्यापुढे ठेव. तो जसा जेवायचा तसं वाढ. गेलेल्या माणसाला दुसरं काही कळत नाही, आपलं ताट कळतं."

चष्मेवालीला तिथून पळून जायचं होतं. हात मात्र आपसूक पुढे झाले. बटाटे एका कडेला, रस्स्याचा थेंबही लागू न देता. मासा उताणा. पावाची फक्त करपलेली कड, कारण मऊ पाव तो बायकोच्या ताटात टाकायचा. लिंबाची फोड बिया काढून. बशी तिने नेऊन डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टर हसता हसता थांबले. त्यांनी काटा उचलला, सगळे बटाटे आधी कुस्करले, मग त्यावर लिंबू पिळलं आणि बोट चाटलं. पिळून झालेली फोड नेहमीसारखी शेजारच्या ग्लासात टाकली. या गोष्टीवरून ती जन्मभर त्याच्याशी भांडली होती.

"अहो," ती म्हणाली. 

त्या माणसाने जड मान वळवली. डोळे डॉक्टरांचेच, घारे. पाहण्याची तऱ्हा मात्र त्याची. एखादं हरवलेलं किल्ल्यांचं जुडगं सापडावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"बस ना," तो म्हणाला. "उभी का?"

 शेजारची खुर्ची ओढायचीच काय ती बाकी होती. तेवढ्यात खिडकीजवळून नणंदेचा तो परका, लाडिक सूर आला, "आई, अजून वाढ," आणि चष्मेवाली भानावर आली.

"तुमची बहीण आहे तिथे," ती कशीबशी म्हणाली. "तिला घरी न्यायचंय. माझं ती ऐकत नाही."

त्याने खिडकीकडे पाहिलं. कपाळावर आठी पडली.

"टिल्ले!" तो ओरडला. सगळं टेबल हादरलं. या नावाने जगात एकटा तोच बहिणीला हाक मारायचा, तेही दोघांचं भांडण झालं तरच. "पुरे झालं. ऊठ. दुसऱ्याच्या ताटावरून ऊठ आधी."

नणंदेच्या डाव्या हातातला चमचा खाली पडला. ती धडपडत उठली. समोरचं काही धड दिसत नसल्यासारखी हवेत हात चाचपू लागली. चष्मेवालीने तो हात घट्ट धरला. काकू एका बाजूला झाल्या. त्यांनी अडवलं नाही, फक्त खिडकीजवळची रिकामी खुर्ची टेबलाला नीट लावून ठेवली.

"तू थांबतेस?" मागून तो म्हणाला.

चष्मेवालीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."

जिना उतरताना दोघीही रडत होत्या. खाली रस्त्यावर लोक बाजारहाट करत होते, एक मुलगी सायकलची चेन बसवत होती. नणंद कठड्याला टेकली.

"वहिनी, मला हाक कुणी मारली गं?"

"मी."

 नणंदेने वहिनीचा पदर घेऊन त्यालाच नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं. तू तर तू."

त्यानंतर त्या असल्या जेवणांना कधी गेल्या नाहीत. नणंद आता वहिनीकडेच राहते. रविवारी सकाळी दोघी मिळून काहीबाही शिजवतात, बिघडवतात, एकमेकींना दोष देतात. पण दुपार होत आली की चष्मेवाली दाराला आतून कुलूप लावते, किल्ली नणंदेच्या हातात देते आणि म्हणते, "संध्याकाळपर्यंत मला देऊ नकोस. मागितली तरी देऊ नकोस."

आणि दर रविवारी, ताट पुढ्यात आलं की, ती मागतेच.