‘शार्क लंच’चे ड्रम

‘किलर पेलिकन्स’ नावाचा बँड काढणाऱ्या चौघांपैकी एकालाही धड पोहता येत नव्हतं. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं ते ‘सर्फ’ संगीत वाजवायला स्वतः समुद्रात उतरावं लागत नाही, एवढीच देवाची कृपा. ड्रमवर बसणारा ऑगी टाफोया तर सांता आनाच्या संत्र्यांच्या बागांत वाढलेला. गुडघाभर लाट आली तरी तो आईला हाका मारायचा.

वाजवायचा मात्र जीव तोडून. तरीही त्यांची पहिली रेकॉर्ड ‘शार्क लंच’ निघाली, तेव्हा तिच्यावर ड्रम ऑगीचे नव्हते. पोरगं चुकत बसेल आणि स्टुडिओतला वेळ वाया जाईल, म्हणून कंपनीने ब्रेनर नावाचा टाय लावणारा मुरलेला वादक आणला आणि ऑगीला बाहेर बाकावर बसवलं. रेकॉर्ड गाजली, तीही नेमकी ड्रमच्या एका बेफाम तुकड्यामुळे. मग हंटिंग्टन बीचच्या हॉलमध्ये दर शनिवारी पोरं कोकलायची, “रेकॉर्डवर आहे तस्सा वाजव!” ऑगी काय करणार? गॅरेजमध्ये रेकॉर्ड लावून लावून, हाताला फोड येईस्तोवर त्याने तो तुकडा घोटला आणि बसवला. पोरी त्याचं कौतुक करायच्या आणि हा ओशाळं हसायचा. दुसऱ्याचा शर्ट घालून लग्नाला गेल्यासारखं वाटायचं त्याला.

त्या शनिवारी ‘शार्क लंच’ धरून नवी रेकॉर्ड हॉलमध्येच भरायची होती, नाचणाऱ्या गर्दीच्या आरडाओरड्यासकट. ऑगी पडद्यामागे पोचला, तर ड्रमपाशी ब्रेनर टाय सावरत उभा.

“आज तू खंजिरी वाजव,” बँडचा म्होरक्या वेंडेल त्याच्याकडे न बघता म्हणाला.

“काय?”

“कंपनीला रेकॉर्डसारखं हवंय. मनाला लावून घेऊ नकोस, ऑगी.”

“अरे, मग दर शनिवारी कोण वाजवतं? तुझी आजी?”

आज खंजिरी हातात घेतली तर ड्रमवर पुन्हा बसायला मिळणार नाही, हे ऑगीला स्वच्छ दिसत होतं. रागाने त्याचे कान तापले आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. बाहेर पोरांनी पाय आपटायला सुरुवात केली होती. त्या हादऱ्यांनी वेंडेलच्या गिटारची घुमारा देणारी स्प्रिंगची पेटी उगाचच गडगडली.

“मी नाही बसणार,” ब्रेनर मध्येच म्हणाला.

वेंडेलचा चेहरा उतरला. “का? तब्येत बरी नाही का तुमची?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? तो तुकडा मला येत नाही.”

“पण तुम्हीच तर वाजवलाय!”

“अर्धे ठोके एकदा वाजवले, मधले अर्धे नंतर. या मर्लने दोन्ही टेप एकावर एक चढवल्या, वर वेगही वाढवला. चार हात लागतात त्याला, पोरा.”

सगळ्यांनी मर्लकडे पाहिलं. रेकॉर्डिंगची यंत्रं सांभाळणारा मर्ल एकाएकी वायरची गाठ सोडवण्यात गढून गेला.

“पण मी तर वाजवतो,” ऑगी म्हणाला.

“सगळा? दोन हातांनी?”

“तिसरा कुठून आणू?”

ब्रेनर बाजूला झाला. वेंडेलला काही सुचायच्या आत पडदा उघडला आणि ऑगी ड्रमवर जाऊन बसला. ‘शार्क लंच’ सुरू झालं. तुकडा आला तेव्हा ऑगीने तो असा फोडून काढला की नाचणारे नाचायचे थांबले. पडद्याआड ब्रेनर मांडीवर तळव्यांनी तोच ठेका धरू पाहत होता. अर्ध्यातच चुकला आणि त्याने स्वतःलाच सणसणीत शिवी हासडली.

मध्यंतरात मर्ल पडलेल्या चेहऱ्याने आला.

“गोची झालीय. तुकडा फारच साफ आलाय. लोक म्हणतील, टेप जोडलीय.”

“जोडता तुम्हीच ना?” ऑगीने सोड्याची बाटली तोंडाला लावत विचारलं.

“म्हणून तर सांगतोय! आता पुन्हा घेऊ. जरा गचाळ वाजव, एखाददुसरा ठोका चुकव. खराखुरा वाटला पाहिजे.”

“वाजव की, ऑगी,” वेंडेल लाडीगोडी लावत म्हणाला. “तुला काय अवघड आहे त्यात?”

ऑगीने सोडा सावकाश संपवला. त्याला इतकं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं.

“छे, ते मला नाही जमायचं,” तो म्हणाला. “त्याला बाहेरून माणूस आणा.”