तिसरी टिचकी

ऑफिसात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की फौजदारीणबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. फौजदाराला कुणी घरी जेवायला बोलावत नाही, पण तो गल्लीत असला की लोक कड्या नीट लावतात, एवढंच तिचं म्हणणं.

कंपनीचं काम म्हटलं तर साधं होतं. चाळीसेक दवाखान्यांतले तपासणीचे रिपोर्ट जपून ठेवायचे. कुणाच्या रक्तात काय सापडलं, कुणाच्या गाठीत काय निघालं, कुणाला मूल होणार नाही, अशा लाखो माणसांच्या पोटातल्या गोष्टी एका थंडगार खोलीतल्या यंत्रांवर साठवलेल्या होत्या. दुसऱ्या एका कंपनीतले असेच रिपोर्ट चोरीला जाऊन चव्हाट्यावर आले, तेव्हा मालकांची झोप उडाली आणि त्यांनी हिला आणलं. पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं की चोर हल्ली भिंत फोडत नाही. तो एक गोडसा मेल पाठवतो आणि आपलाच माणूस त्याला आतून कडी काढून देतो.

म्हणून वर्षातून तीनदा ती स्वतःच खोटे मेल तयार करून सगळ्यांना पाठवायची. मेलमध्ये एक दुवा, म्हणजे लिंक असे. त्यावर ज्याने टिचकी मारली तो गळाला लागला. पहिल्या टिचकीला समज, दुसऱ्या टिचकीला दोन दिवसांचं शिक्षण, आणि तिसरी टिचकी पडली की साठ्यापर्यंत जाण्याचा हक्क कायमचा बंद. नियम तिनेच लिहिला होता, आणि त्यात 'परंतु' हा शब्द कुठेही नव्हता.

मेल लिहिण्यात तिचा हात बसला होता. 'पार्किंगची नवी यादी' या मेलवर मॅनेजरने चाळिसाव्या सेकंदाला टिचकी मारली आणि नंतर बोट घसरलं म्हणून सांगितलं. 'आपला सत्कार करण्याचे योजिले आहे' या मेलला तर खुद्द मालक भुलले. आठवडाभर ते तिच्याशी फक्त मानेने बोलत होते.

एक माणूस गळाला लागेल असं मात्र तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते म्हणजे कपाटकाका. रिपोर्ट कागदावर होते आणि लोखंडी कपाटांत राहत होते, तेव्हापासूनचे ते रखवालदार. कपाटं गेली, यंत्रं आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काका ताकही फुंकून पिणारे. साठ्याच्या खोलीत जायचं तर मालकांनासुद्धा ते आधी वहीत सही करायला लावत, आणि मालक हसत हसत सही करू लागले तर वेळ लिहायची राहिली म्हणून परत बोलावत. नव्या माणसांना ते एकच गोष्ट शिकवत: रिपोर्टवरचं नाव वाचायचं, नंबर वाचायचा, खालचा निष्कर्ष वाचायचा नाही, आणि डोळा गेलाच तर ते पोटात ठेवायचं. फौजदारीणबाईला वाटे, असे दहा काका मिळाले तर मी सुखाने घरी बसेन.

तर पहिल्या वर्षी तिने मेल पाठवला, 'तुमच्यासाठी कुणीतरी फोटो पाठवले आहेत'. संध्याकाळी यादी पाहिली तर वरून तिसरं नाव काकांचं. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. समज दिली तेव्हा काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, सही केली, वेळही लिहिली. पुढे सात महिन्यांनी 'एका जुन्या ओळखीचा निरोप' आला आणि काकांनी पुन्हा टिचकी मारली. मग दोन दिवसांचं शिक्षण झालं. तिथे त्यांनी प्रत्येक खोटा मेल अचूक ओळखला, वर तिच्या तक्त्यातल्या दोन चुका दाखवल्या. ती चक्रावून गेली. ज्याला सगळं कळतं तो खड्ड्यात पडतो कसा?

तिसऱ्या खेपेला तिने सगळ्यांसाठी मेल लिहिला: 'तुमची वाट पाहून कुणीतरी पत्र ठेवून गेलं आहे'. लिहिताना काका तिच्या मनात आलेच नाहीत असं नाही. पण एका माणसासाठी गळ बोथट करायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. काकांची टिचकी चौथ्या मिनिटाला पडली.

तिने त्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. काकांनी बसायच्या आधीच गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"काका, मेल खोटा आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं. तिन्ही वेळा कळलं होतं."

"मग?"

"बाई, नव्याण्णव वेळा खोटा असेल. पण एखादा माझ्या मुलीचा असला आणि मीच उघडला नाही, तर?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी वहीत नोंद करावी तसं, क्रमाने. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची तपासणी झाली होती. दवाखाना या चाळिसांतलाच. सकाळी आलेले रिपोर्ट लावताना बायकोचं नाव दिसलं, आणि जन्मात कधी गेला नव्हता तो डोळा खालच्या ओळीवर गेला. डॉक्टर परगावी होते, त्यांची भेट बाराव्या दिवशी. रिपोर्ट पेशंटला डॉक्टरांनीच सांगायचा, हा नियम. तेव्हा मुलगी चार दिवसांच्या रजेवर घरी आलेली होती. काकांनी रिपोर्ट पाहिला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती आपल्या नोकरीवर, दूरदेशी, परत गेली. काका तिची बॅग घेऊन स्टेशनपर्यंत गेले. गाडी अर्धा तास उशिरा आली. त्या अर्ध्या तासात त्यांनी ब्र काढला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तोवर फार उशीर झाला होता. मुलगी धावत आली तेव्हा आई नळ्यांमध्ये होती आणि कुणालाच ओळखत नव्हती. आई गेली. तिचे दिवस झाल्यावर मुलगी कागद आवरत होती, तेव्हा रिपोर्टवरची तारीख तिच्या नजरेला पडली. तिने विचारलं, बाबा, हा तुमच्याच हातून गेला ना? तुम्हाला माहीत होतं? काकांना खोटं बोलता आलं असतं. ते हो म्हणाले. माझ्याशी आई बोलू शकत होती ते शेवटचे दिवस तुम्ही घेतलेत, एवढंच म्हणून ती गेली. फोन नंबर बदलला, पत्ता बदलला. काकांचा एकच पत्ता तिला तोंडपाठ होता, तो म्हणजे हा ऑफिसचा मेल. शिकायला बाहेर होती तेव्हा ती याच पत्त्यावर लिहायची. घरी मेलबिल काही त्यांनी कधी ठेवलंच नाही.

फौजदारीणबाई उठली ती थेट मालकांकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती नियमात 'परंतु' घालायला निघाली होती. मालक वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की उद्या खऱ्या चोराने हाच मेल पाठवला तर काका काय करतील? तिच्याकडे उत्तर होतं, आणि तेच तर दुखणं होतं. काका टिचकी मारतील. दर वेळी मारतील.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. साठ्याचा हक्क गेल्यावर त्यांना काम उरलं नाही, म्हणून ते आधीच घरी गेले. निरोपाच्या दिवशी ते तिला म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर पहिल्याच टिचकीला काढलं असतं. त्यांनी एवढंच मागितलं की त्यांची मेलपेटी इतक्यात बंद करू नये. नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाची पेटी महिनाभर चालू राहते. त्या महिन्यात येईल तो मेल मी स्वतः पाहीन, असा शब्द तिने दिला.

आठ दिवस झाले तरी काही आलं नाही. नवव्या दिवशी तिला सुचलं की पुढचं दिसत नाही तर मागचं तरी पाहावं. पेटीच्या अलीकडे एक अटकावाचा कप्पा होता. अनोळखी पत्ता, परदेशातून आलेला, सोबत जोडलेले फोटो, असं काही असलं की तो मेल तिथेच अडायचा. ज्याचा मेल आहे त्याला पूर्वी तशी सूचना जात असे. पण लोक ती वाचून नको ते मेल सोडवून घेत, म्हणून तिनेच सूचना बंद केल्या होत्या. तीस दिवसांनी अडवलेला मेल आपोआप पुसला जाई. मागे राहायची फक्त नोंदीची एक ओळ.

काकांच्या नावापुढे तिला दोन ओळी सापडल्या. पहिली चौदा महिन्यांपूर्वीची. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्यांच्या मुलीचं नाव होतं. विषय: 'बाबा, मी आहे'. सोबत दोन फोटो. अडवला; तिसाव्या दिवशी पुसला. दुसरी ओळ नंतर पाच महिन्यांनी. विषय: 'बाबा, एकदाच विचारते'. अडवला. पुसला. त्यानंतर काही नाही.

तिचे स्वतःचे परीक्षेचे मेल या कप्प्यात कधी अडत नसत. ते थेट पोचावेत अशी सोय तिनेच करून ठेवली होती. म्हणजे काकांना लेकीची खरी दोन पत्रं तिने पोचू दिली नाहीत आणि खोटी तीन आपल्या हाताने नेऊन दिली.

नोंदी ऑफिसबाहेर न्यायच्या नाहीत, हाही तिचाच नियम. तिने दोन्ही ओळी एका चिठ्ठीवर उतरवल्या आणि भरदिवसा, जेवणाच्या सुट्टीची वाट न पाहता, काकांचं घर गाठलं.

दोन खोल्यांचं घर. काका खिडकीशी बसून जुन्या वह्यांना पुठ्ठे घालत होते. तिने जे होतं ते सगळं सांगितलं, स्वतःला वाचवणारी एकही गोष्ट पुढे केली नाही. काकांनी चिठ्ठी घेतली, दोनदा वाचली, आणि आधी म्हणाले काय, तर हे कागदावर उतरवून बाहेर आणायला नको होतं.

पत्ता तर हातात होता. तिने आपल्या फोनवर त्यांच्यासाठी नवी मेलपेटी उघडली. काकांनी सांगितलं, तिने लिहिलं: मला तुझं पत्र मिळालं नव्हतं. मी इथेच आहे. बाबा. पाठवलं. दोघंही त्या फोनकडे बघत बसले. मिनिटभरात उत्तर आलं, पण ते यंत्राचं होतं: हा पत्ता आता वापरात नाही. काका म्हणाले, पुन्हा पाठवून बघा. तिने पुन्हा पाठवलं. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही.

तिला रडू आवरेना. काकांनी उठून पाण्याचा पेला आणून दिला.

"तुम्ही तुमचं काम केलंत, बाई," ते म्हणाले. "मीही त्या अर्ध्या तासात माझं कामच करत होतो."

मग त्यांनी विचारलं की नोंदीत पत्राचा आकार लिहिलेला असतो ना. असतो, ती म्हणाली. फोटो वजा केले तर मजकूर किती असेल? तिने बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं की पहिल्या पत्राचा दीड पान असावा. दुसऱ्याचा तीन-चार ओळी.

"दीड पान," काका म्हणाले. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. नुसत्या रागाने माणूस दीड पान लिहीत नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. फोटो कुणाचे असतील, लग्नाचे की बाळाचे, याचाही त्यांनी थोडा विचार केला. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

मग काकांची नजर दुसऱ्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. तिची तारीख त्यांनी बोटाने दोन वेळा पुसल्यासारखी केली.

"पाच महिने वाट पाहिली तिने," ते म्हणाले. "तिला वाटलं असेल, बाबांनी वाचलं. वाचलं, आणि याही वेळी काही बोलले नाहीत."