पाच सेकंदांचं बटण

आर्वोने हातमोज्यातला अंगठा गिअरशेजारच्या बटणावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने समोरच्या काचेवरचं बाष्प पुसलं.

"हे दाबलं की गाडी आपल्याला सांभाळायचं सोडून देते. नुसतं दाबून सोडलं तर अर्धवटच. चाकं जागच्या जागी फिरू देते, पण गाडी आडवी होऊ देत नाही. पुरती मोकळी करायची तर पाच सेकंद धरून ठेवायचं."

पिवळा दिवा लागला. त्याने हात काढून घेतला आणि दुखरा गुडघा चोळला. आजची ही सातवी शिकाऊ. या देशात घसरड्या बर्फावर गाडी चालवायचा तास केल्याशिवाय लायसन मिळत नाही, आणि हीच वाक्यं तो चोवीस हिवाळे बोलत आला होता. दुपार कलली की स्वतःचाच आवाज त्याला शेजारच्या खोलीतल्या रेडिओसारखा ऐकू यायचा.

स्टिअरिंगमागे माइमू बसली होती. वय एकसष्ट, निवृत्त नर्स. तिच्या गावाची बस एक मार्चपासून बंद होणार होती. नवरा एन्देल शरद ऋतूत गेला; त्याची जुनी गाडी कोठारात उभी होती. लायसन मिळालं तर घर राहणार होतं, नाहीतर ते विकून राजधानीत, टालिनला, मुलीकडे जायचं. हे सगळं तिने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं होतं.

"वळणावर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाईल. ब्रेकला पाय लावायचा नाही. जिकडे जायचंय तिकडे नजर."

"नजर कुठे ठेवायची ते मला नका शिकवू, मास्तर. तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात."

तिने वेग घेतला. बर्फाच्या वळणावर गाडी जरा कललीशी वाटली, खालून घरघर झाली आणि गाडी मुकाट्याने सरळ झाली. आर्वोने जांभई गिळली. दुसऱ्या वेळीही तसंच, तिसऱ्याही. सकाळपासून विशीतली सहा पोरं याच वळणावर बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली होती.

"झकास, बाई. तुमचा हात हलका आहे."

"एन्देलने चाळीस वर्षं किल्ली हातात दिली नाही. म्हणायचा, तुला भाकरी धड कापता येत नाही, वळण काय कापणार!" ती हसली, पण त्याच्याकडे न बघता.

त्याने तास पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली. तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि कुंपणापलीकडच्या बसथांब्याकडे चालू लागली. उणे चौदा होतं, त्यामुळे इंजिन चालूच ठेवलं होतं. आर्वो तिच्या जागेवर सरकला आणि गाडी शेडकडे घेतली. वाटेतल्या त्याच वळणावर त्याने सवयीने झटका दिला. आता शेपूट सुटेल म्हणून हात तयारच होते. शेपूट सुटली नाही. खालून घरघर झाली, कुठल्याशा एका चाकाला आपोआप ब्रेक लागला, गाडी सरळ झाली.

तो थांबला. पिवळा दिवा लागलेलाच होता, पण तो तर अर्धवट दाबल्यावरही लागतो. इंजिन बंद केलं की बटण पूर्ववत होतं, पण ते मधे बंद केलेलं नव्हतं. म्हणजे तिच्या हातात होती तेव्हाही गाडी अशीच होती. तीनही वळणं गाडीनेच घेतली होती. बाईंनी नुसतं स्टिअरिंग धरलं होतं.

आणि एन्देलच्या गाडीत असलं बटण नव्हतंच. ती गाडी कुणाला सांभाळून घेणारी नव्हती.

शेडजवळच्या त्याच्या झोपडीच्या खिडकीत किटलीची वाफ दिसत होती. सही झाली होती. कुणी विचारणार नव्हतं. आर्वोने गुडघा एकदा चोळला. मग त्याने गाडी फाटकाकडे वळवली.

थांब्यापाशी त्याने काच खाली केली.

"बाई, माझ्याकडून चूक झाली. मी बटण पुरतं..."

"दोनच," माइमू म्हणाली.

"काय?"

"तुम्ही पाच म्हणालात आणि दोनच सेकंद धरलंत. नाडी मोजण्यात जन्म गेला, मास्तर. मोजणं आपोआप चालू असतं डोक्यात."

"मग बोलला का नाहीत?"

तिने नाकावरचा मफलर खाली केला. "मला वाटलं, म्हातारीवर दया करताय. आणि मला सही हवी होती." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्हीही दमलेले होतात. म्हटलं, कशाला."

रस्त्याच्या टोकाला बसचे दिवे दिसले. बस आली, दार उघडलं, उबेचा एक लोट बाहेर पडला.

"माइमूताई, चढा की! थंडी आत येतेय," ड्रायव्हर म्हणाला.

तिचा एक पाय पायरीवर होता. तिने आर्वोकडे पाहिलं. तिला थांबा म्हणायचा त्याला हक्क वाटत नव्हता.

"जा तू," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माझं एक काम राहिलंय."

माइमू पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. वळणाच्या अलीकडे आर्वोने हातमोजा काढला आणि उघड्या अंगठ्याने बटण दाबलं. या वेळी तिने मोठ्याने मोजलं. पाच झाल्यावर तिने वेग घेतला.

गाडी एकदम वाहवत गेली. माइमूच्या तोंडून आवाज निघाला, पाय सरळ ब्रेकवर गेला, पांढरं मैदान काचेतून सरकत एक अख्खा फेरा फिरलं आणि गाडी ढिगाला धडकून थांबली. बोनेटवर बर्फ कोसळलं.

"ब्रेक," आर्वो हळूच म्हणाला.

"माहितेय."

तिने पर्स उघडली, दाखला काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. मग, तो काही म्हणायच्या आत, रिव्हर्स गिअर टाकून मागच्या काचेतून पाहू लागली.