दुसऱ्याच्या दातांनी

प्रत्येक इमारतीत एक तरी नोटीसकाका असतोच. तुमच्याही असेल. सायकल कुठे लावायची, पायपुसणं कुठे झटकायचं, पोरांनी किती मोठ्याने हसायचं, सगळ्याचे कागद जिन्यात चिकटवणारा. आपल्या गोष्टीतले नोटीसकाका तळमजल्यावर राहत आणि रोज सकाळी गच्चीवरची पाण्याची टाकी तपासायला काठी टेकत वर जात. जिन्यात एक भटका कुत्रा झोपायचा. त्याच्यासाठीही त्यांनी नोटीस लावली होती. कुत्र्याला वाचता येत नव्हतं, हा त्याचा गुन्हा! एका सकाळी काकांनी पातेलंभर उकळतं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं.

पहिल्या मजल्यावरच्या ब्रेकबाईंनी हे दाराच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ब्रेकबाई मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ मंडळींवर दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडून त्यांना हे नाव पडलं होतं. शिवाय प्राणी-मदत केंद्राकडच्या जखमी कुत्र्यांना त्या आपल्या घरी ठेवून घेत, बरं करत आणि कायमचं घर मिळालं की डोळे पुसत निरोप देत. असे सहा कुत्रे त्यांच्या हातून मार्गी लागले होते. हा सातवा. पाठीवर तळहाताएवढा गुलाबी चट्टा राहिला, म्हणून त्याचं नाव पडलं ठिगळ्या.

"कुणी केलं हो हे?" केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय माहीत! जिन्यात विव्हळताना सापडला," ब्रेकबाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण जीभ अडखळली. रोज त्याच जिन्यातून जायचं, रोज तेच तोंड बघायचं, त्यातून काका इमारतीचे अध्यक्ष. कशाला नसती आफत ओढवून घ्या! आपण सगळे असंच म्हणतो, नाही का?

पण पोटातला राग जाणार कुठे? मलम लावताना ठिगळ्या हात चाटायचा आणि ब्रेकबाईंचं डोकं तापायचं. या म्हाताऱ्याला सोडायचं नाही! शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. जिन्यात काठीची टकटक ऐकू आली की त्या ठिगळ्याला दाराशी नेत, कानात "धर त्याला!" म्हणत आणि तो भुंकला की कलेजीचा तुकडा देत. पहिले चार दिवस बिचारा नुसता शेपटी हलवत राहिला. पाचव्या दिवशी भुंकला. पंधराव्या दिवशी दात विचकून दारावर उड्या मारायला लागला.

काका आता भिंतीला चिकटून जिना चढत. एकदा घाबरून त्यांची काठी हातातून सुटली आणि गडगडत खाली गेली. दाराआड ब्रेकबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी ठिगळ्याला अख्खी वाटी कलेजी घातली. कित्येक दिवसांनी त्यांना स्वतःलाही जेवण गोड लागलं.

मग एका रविवारी डॉक्टरीणबाई एका नर्सला आणि तिच्या वडिलांना घेऊन आल्या. नर्स कामावर गेली की वडील घरी एकटे पडत, त्यांना सोबत हवी होती. केंद्राने केलेल्या ठिगळ्याच्या माहितीच्या कागदावर लिहिलं होतं, "स्वभाव शांत. वयस्कर माणसांत रमेल." वडील हौसेने जिना चढून आले. काठी टेकत.

ठिगळ्या सुसाट सुटला! त्याने वडिलांच्या पोटरीकडेच झेप घेतली. पँट टर्रकन फाटली. कातडी वाचली, एवढंच.

"हा शांत?" नर्स रडवेली झाली. "माझ्या बाबांना काही झालं असतं म्हणजे?" वडिलांना धरून ती निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. "हे कुणी शिकवलं याला?"

ब्रेकबाईंनी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. "पाठ सोलून काढली हो त्याने याची! का सोडू मी? भोगू दे की म्हाताऱ्याला!"

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

ब्रेकबाई ठिगळ्याचा पट्टा उगाच सारखा करू लागल्या.

"पाहिलं तुम्ही, आणि भुंकतोय हा?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "रागावू नका असं मी म्हणत नाही. मलाही त्या माणसाला कोर्टात उभं करायचंय. दोन महिने साक्षीदार शोधतेय मी! पण याच्या मनात काही नव्हतं हो. सूड तुमचा. तुमच्या तोंडून एक शब्द निघेना, म्हणून याचे दात वापरलेत! उद्या कुणाला चावला तर याला घरात कोण घेईल? काकांनी याची पाठ भाजली, तुम्ही याचं घर घालवलंत."

ब्रेकबाई जमिनीवर बसल्या. ठिगळ्या जवळ आला. आपण छान काम केलं, आता कलेजी मिळणार, म्हणून तो त्यांच्या हाताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद ठेवून त्या पोलीस ठाण्यात गेल्या आणि स्वतःच्या नावानिशी जबाब दिला. परतताना जिन्यात काका भेटले.

"तुमची तक्रार करून आलेय. मी पाहिलं होतं."

"एका कुत्र्यासाठी शेजाऱ्यावर उठलात?"

"उठले! आणि साक्षीलाही मीच उभी राहणार आहे."

काकांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा ब्रेकबाईंनी मनसोक्त पाहून घेतला. पुढे काकांच्या दारावर समन्स चिकटलं, तेव्हा त्या मुद्दाम दोनदा खाली जाऊन वाचून आल्या. काकांना शिक्षा झाली, अध्यक्षपदही गेलं. तोंड उघडून घेतलेल्या या सुडाची त्यांना कुणापुढेही लाज वाटली नाही.

ठिगळ्याचं मात्र सोपं नव्हतं. पंधरा दिवसांत शिकवलेलं विसरवायला पाच महिने लागले. ब्रेकबाई स्वतः काठी आणून घरभर टकटक करत फिरत आणि तो गप्प राहिला की तुकडा देत. तोवर त्या नर्सने दुसरा कुत्रा नेला होता. ठिगळ्याला अजून घर मिळालेलं नाही. त्याच्या कागदावर ब्रेकबाईंनी आपल्या हाताने लिहिलंय, "काठीला अजून थोडा बिचकतो. दोष सांभाळणारीचा."

तेव्हा मंडळी, अन्याय पाहिलात तर जरूर चिडा. करणाऱ्याला मुळीच सोडू नका! पण पाहिलंय तुम्ही, तर बोलायचंही तुम्हीच. आपल्या भित्रेपणाची किंमत मुक्या जिवाला मोजायला लावू नका.