कीर्तनाचे गुण

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. बंगळूरजवळ येलहंक्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत लेथ यंत्र शिकवणाऱ्या शिक्षकाच्या एका जागेसाठी चौदा उमेदवार होते. त्यांतली नववी उमेदवार, एक मुलगी, आत आली. बाहेरून बोलावलेले परीक्षक, निवृत्त अभियंता उपेंद्र कीर्तने यांनी तिचा अर्ज पुढे ओढला. कीर्तना श्रीहरी. वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी होती.

प्रश्न कीर्तन्यांनीच विचारले, तेही गय न करता. मापात किती सूट धरायची, टूल थरथरू लागले तर आधी काय तपासायचे, हे ती न अडखळता सांगत गेली. एका उत्तरात घाई झाली, पण चूक तिने स्वतःच सुधारली. कीर्तन्यांनी पेन्सिलीने वीसपैकी सतरा लिहिले.

अर्जात मातृभाषा मराठी पाहून निवड समितीच्या अध्यक्ष स्मिताबाईंनी सहज मराठीत विचारले, "कीर्तना म्हणजे, घरात गाणंबिणं आहे का?"

"नाही मॅडम. आमचे अप्पा लेथवर टर्नर होते. एक शाफ्ट तुटला आणि अप्पांची नोकरी जायला आली. तर त्यांचे साहेब चौकशीत सांगितले, ड्रॉइंग माझंच चुकलंय म्हणून. त्या साहेबांचं आडनाव कीर्तने. मी त्याच महिन्यात झाले की."

स्मिताबाईंनी कीर्तन्यांकडे पाहिले. ते अर्जावरून नजर उचलेनात. त्या कबुलीपायी त्यांची बढती दोन वर्षे लांबली होती. तिचा बाप श्रीहरी मुलीचे पेढे घेऊन आला, तेव्हा चौकशी अजून चालू आहे म्हणून त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले होते. मुलीचे नाव काय ठेवले, हेही विचारले नव्हते.

"मग भेटलीस कधी त्या साहेबांना?" स्मिताबाईंनी विचारले.

"नाही. अप्पा म्हणतात, नाव सांगून कुणाकडं काही मागायचं नाही."

ती बाहेर गेल्यावर स्मिताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, परीक्षकानं बाजूला व्हायचा नियम रक्ताच्या नात्यापुरताच आहे. गुण तुम्ही द्या. पण उद्या कुणी माहिती अधिकारात माहिती मागवली, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल."

कीर्तन्यांनी तिची उत्तरे मनाशी पुन्हा तपासली. सतरा बरोबर होते. तरीही पाहता पाहता तो आकडा त्यांना घरच्या माणसाला दिल्यासारखा वाटू लागला. त्यांनी तो खोडला, शाईने पंधरा लिहिले आणि सही केली.

दुपारी साडेचारला यादी लागली. निवड झालेल्या उमेदवाराचे गुण, सगळ्या परीक्षकांचे मिळून, साठपैकी पंचेचाळीस. कीर्तना श्रीहरी, चव्वेचाळीस.