पवनबाबाने पाडलेली हेलिकॉप्टरं

पवनबाबाने चिमटा वर केला आणि आकाशातलं हेलिकॉप्टर गटांगळ्या खात खाली आलं. कापलेल्या धानाच्या धसकटांत त्याचे पंखे मोडून पडले. चार गावच्या लोकांनी अशी आरोळी ठोकली की कोहमाऱ्याच्या ढाब्यावरचे ट्रकवाले हातातला घास टाकून रस्त्यावर आले.

"पाह्यलं का गा? नुसता चिमटा दाखवला!"

"बाबा, पाय द्या, पाय!"

हेलिकॉप्टर म्हणजे हातभर लांबीचं, जमिनीवरून रेडिओच्या डब्याने उडवायचं. २००६ सालचा डिसेंबर होता. धान निघाल्यावर अशी हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या आमच्या गोंदियाच्या मंडळाने कोहमाऱ्याजवळच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सपाट करून शनिवार-रविवारची स्पर्धा ठेवली होती. नागपूर-रायपूरहून स्पर्धक आले होते. लाउडस्पीकर माझ्या हाती होता. मंडळाचे प्रमुख खुमेंद्र राहांगडाले, गोंदियातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. बाबाला कोणीच बोलावलं नव्हतं. फुकटची गर्दी दिसली की ही जमात न बोलावता येते.

"बच्चा, आसमान पवनदेव का है!" बाबा गरजत होता. "बिना पूछे पंखा घुमाओगे, तो पंखाच जाईल!" धड हिंदी येत नसताना देवाशी हिंदीत बोलायचं, ही आमच्याकडच्या बाबांची खास विद्या. मराठी देवाला समजत नसावी.

आमच्या गाड्या आत आल्यावर त्याने आपली काळ्या काचांची जीप पांदणीच्या, म्हणजे शेतात येणाऱ्या गाडीवाटेच्या, तोंडावर आडवी लावून ठेवली होती. येणाऱ्याला तिला वळसा घालताना काचेवरच्या बाबाच्या फोटोपुढे वाकावंच लागे. आत त्याचा ड्रायव्हर छोटेलाल दिवसभर बसून असे. "बाबाच्या जपाची पेटी राखून राहिलो," म्हणे.

शनिवारी दोन हेलिकॉप्टरं पडली. रायपूरच्या एका स्पर्धकाचं मात्र चिमटा दाखवूनही पडलं नाही. बाबा अडला नाही. "उसपर मेरी किरपा है," म्हणाला, आणि लोकांनी त्या बिचाऱ्या स्पर्धकालाही नमस्कार घातले. खुमेंद्र सर त्याच माणसाला रागावत होते, कारण तो पाटीवर पिन न लावता उडवत होता. रागावता रागावता ते मध्येच वळून जीपकडे निरखून पाहू लागले.

ही पिन काय ते सांगतो. प्रत्येक डब्याला चॅनलचा एक नंबर असतो. एकाच नंबरचे दोन डबे एकदम सुरू झाले तर हेलिकॉप्टर कोणाचंच ऐकत नाही, कोसळतं. म्हणून मैदानाच्या कडेला पाटी लावतात. ज्याला उडवायचं त्याने आपल्या नंबरची पिन पाटीवर लावायची, म्हणजे दुसरा कोणी तो नंबर सुरू करत नाही. आमची पाटी चांगली दाराएवढी होती, जीपमध्ये बसूनही वाचता येईल अशी.

"जो पिन लावतो त्याचंच पडतं," सर मला हळूच म्हणाले. "उद्या बघू."

पण उद्याने वाट पाहिली नाही. रविवारी सकाळी शेजारच्या गावातल्या टिकारामची रेणू, नववीतली पोरगी, हेलिकॉप्टर पाहायला धानाच्या पुंजण्याला टेकून बसली होती. पुंजण्यातली घोणस, आमच्याकडे तिला परड म्हणतात, तिच्या पायाला चावली. मी गाडीची किल्ली काढली. टिकारामने पोरीला उचललं आणि माझ्यासमोरून बाबाकडे नेलं.

"टिकाराम, वेडा झालास काय? परड चावली आहे तिला! दवाखान्यात चल!"

"कायले जी? ज्यानं हेलिकाप्टर पाडलं, त्याले इख पाडाले किती येळ?"

बाबाने रेणूच्या पायावर कडुनिंबाचा पाला बांधला आणि डोळे पांढरे केले. "अगला पंखा गिरेगा, जहर भी गिरेगा!" झालं. आता सारी गर्दी हेलिकॉप्टर उडण्याची वाट पाहू लागली. स्पर्धकांनी मात्र हात आखडले. आपली मशीन मोडून घ्यायला कोणी तयार होईना. ऊन चढत गेलं. रेणूचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. मी दोनदा तिला उचलायला गेलो आणि दोन्ही वेळा लोकांनी मला मागे ढकललं.

तिची आई धुरपता खुमेंद्र सरांच्या पाया पडली. "सर, तुमचं तरी उडवा ना जी लवकर. पोरगी तळमळून राहिली."

सरांनी टिकारामचा खांदा धरला. "उडवतो. पण माझं पडलं नाही तर?"

"तर नेतो दवाखान्यात. पोरीची शपथ."

सर पाटीकडे गेले. सगळ्यांसमोर त्यांनी सहा नंबरची पिन लावली. मग पाठमोरे होऊन डब्यातला आणि हेलिकॉप्टरमधला, नंबर ठरवणारा क्रिस्टल बदलला. आता ते चालवत होते चार नंबरवर. हेलिकॉप्टर वर गेलं. बाबाने चिमटा उगारला. हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. बाबाने चिमटा दोन्ही हातांनी हलवला, मंत्र म्हटला, तोच मंत्र पुन्हा मोठ्याने म्हटला. भस्म घामाने नाकावर ओघळलं. हेलिकॉप्टर त्याच्या डोक्यावर खुशाल भुणभुणत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार आनंद झाला.

सरांनी जीपकडे मान हलवली, तसं मी धावत जाऊन तिचं दार ओढलं. छोटेलालच्या मांडीवर आमच्यासारखाच डबा होता, त्याच्यावर सहा नंबर लावलेला, आणि तो दोन्ही अंगठ्यांनी दांड्या पिळत होता. डबा उंच धरून मी लाउडस्पीकरवर ओरडलो, "ही बघा बाबाची जपाची पेटी! हा पाटीवरचा नंबर वाचायचा, तोच नंबर इथून सुरू करायचा, म्हणून हेलिकॉप्टर पडायचं! चिमट्यात काही नाही!"

टिकारामने पोरीला उचललं. दिलेला शब्द त्याने क्षणभरही लांबवला नाही. "सर, गाडी काढा," तो मला म्हणाला.

मी गाडी सुरू केली, पण जाणार कुठून? सकाळी बाबाच्या पायांवर लोळणारे लोक आता बाबाला लाथा घालत होते. ज्यांना बाबापर्यंत पोचता आलं नाही त्यांनी जीप धरली. टायर फाडले, काचा फोडल्या आणि जोर करून ती पांदणीतच उलटी केली. बाहेर जायला तेवढी एकच वाट होती. मी हॉर्न वाजवला, लाउडस्पीकरवरून हातापाया पडलो. एक जण खिडकीत वाकून मला हसत म्हणाला, "थांबा ना जी सर, दोन झापडा मारू द्या. रोज रोज असा बाबा नाई सापडत!"

शेवटी रेणूला खाटेवर घालून बांध्यांमधून हायवेला नेलं आणि ट्रक थांबवला. खाट उचलायला चार माणसं मिळताना नाकी नऊ आले. सारे तमाशात होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पुढे नागपूरला पाठवलं. सकाळी आणली असती तर, एवढंच ते म्हणाले. रेणू वाटेतच गेली.

तिसऱ्या दिवशी मी आणि सर टिकारामच्या घरी गेलो. अंगणात बसलेले लोक कुजबुजत होते, "साधूवर हात टाकला ना गा, त्याचा कोप भोवला." यातल्या दोघांनी स्वतः टायर फाडलेले मी पाहिले होते. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

धुरपता दाराशी बसली होती. तिने सरांकडे पाहिलं. "सर, तुमचं हेलिकाप्टर पडलं असतं, तर वाचली असती का जी ते?"

भौतिकशास्त्र शिकवणारा तो माणूस तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"नाही, बाई. पडलं असतं तरी इख उतरलं नसतं. हेलिकॉप्टरचा आणि इखाचा संबंध नव्हता. बाबाने तो लावला, आपण साऱ्यांनी मानला, आणि मग त्याला मारत बसलो. तिला फक्त दवाखाना पाहिजे होता."

मला याहून शहाणं काही सांगता येत नाही. साप चावला तर माणूस आधी दवाखान्यात न्या. बाबा खरा की खोटा हे पाहायलाही थांबू नका. त्याला उघडा पाडण्याची मजा मोठी आहे, मी ती घेतली आहे. पण ती मजा संपेपर्यंत विष थांबत नाही.