बसकीचं जर्मन नाक

माझ्या बापानं केलेल्या कामाचं श्रेय जर्मनीला गेलं, आणि तेही छापून. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, वर इंग्रजी. तो कागद बाबांनी माझ्या हातात ठेवला तेव्हा मी नुकतीच कचेरीतून आले होते. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत मी टंकलेखक होते. उन्हाळा असा की दिवसभर टँकरच्या खेपांचे तक्ते बडवून बोटं दुखत होती.

"पंचशीला, काय लिव्हलंय वाच बरं," बाबा म्हणाले. "व्यंकटराव बसकी इकून राहिले."

बसकी म्हणजे व्यंकटरावांची इटालीची गाडी. दोन माणसांची, इतकी ठेंगणी की आत शिरायला बसकण मारावी लागे, म्हणून नांदेडपासून लोह्यापर्यंत सगळे तिला बसकीच म्हणत. व्यंकटराव नांदेडचे मोठे गुत्तेदार. सरकारी रस्ते बांधायचे आणि बसकीतून ते बघत फिरायचे. हैदराबादच्या कुणा नवाबाकडून त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. आता शौकीन लोक असल्या जुन्या गाड्या शोधत फिरतात हे कळल्यावर त्यांनी मुंबईचा दलाल बोलावला होता. गाडी चकचकीत करायला बाबांना नांदेडला नेलं होतं. बाबा डेंटर. पोचलेला पत्रा ठोकून मूळपदावर आणण्यात त्यांचा हात धरणारा दोन्ही जिल्ह्यांत कुणी नव्हता.

मी वाचलं. "तूरिन शहरात १९५३ साली हातानं घडवलेली बॉडी. पुढचा संपूर्ण भाग जर्मन कारागिरांनी पुन्हा घडवला आहे."

बाबा आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. दलालानं गाडीच्या नाकावर टिचकी मारून विचारलं होतं, "ये आगे का क्या है?" बाबांनी खरं तेच सांगितलं होतं, "जर्मन का है, साब." आमच्याकडे अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियम कोण म्हणतं? जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. त्या शहाण्यानं थेट जर्मनी गाठली. शेजारी उभे असलेले व्यंकटराव गप्प राहिले. त्यांच्याही स्वयंपाकघरात जर्मनची भांडी होती, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

मला मात्र हसू आलं नाही. गावात सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली होती आणि तिथे पत्राकाम शिकवणारा निदेशक हवा होता. बाबांकडे सातवीच्या पुढचा कागद नव्हता, पण जाहिरातीत म्हटलं होतं की मोठ्या कामाचा मालकाच्या सहीचा दाखला असेल तर अर्ज चालेल. बाबांच्या आयुष्यातलं मोठं काम एकच, बसकीचं नाक. त्यांचं वय बावन्न, गुडघे गेलेले, रस्त्याकडेला उकिडवं बसून ठोकणं आता होत नव्हतं. ही नोकरी मिळाली तर खुर्ची मिळणार होती. अर्जाला आठ दिवस उरले होते, आणि इथे जर्मन आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले होते!

हे नाक कसं घडलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. बहात्तरचा दुष्काळ होता. आम्ही तेव्हा नांदेडला राहायचो. बाबा कामाला होते ते गॅरेज बंद पडलं म्हणून ते आणि माय लोह्याजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. गुत्ता व्यंकटरावांचा. एका संध्याकाळी त्यांनी बसकी सरळ खडीच्या ढिगात घातली. नाक चेपलं, फाटलं. हैदराबादच्या कारागिरानं हात जोडले आणि मुंबईवाला म्हणाला, इटालीहून मागवा. बाबा म्हणाले, "मालक, मी करतो." व्यंकटराव म्हणाले, "कर काय बी. मला काही इचारू नको."

खरंच त्यांनी काही विचारलं नाही. दुष्काळात पत्रा कुठून आला, तेही नाही. मायनं लग्नातली जर्मनची भांडी पुढे ठेवली. रेशनच्या लाल ज्वारीची भाकर तव्यावर भागत होती, पातेल्यात शिजवायला होतंच काय? बाबांनी पातेली उभी कापली. ती मऊ पडावीत म्हणून त्यांच्यावर साबण चोळून खालून आच दिली. साबण काळा पडला की आच काढायची, क्षणभर उशीर झाला तर पत्रा वितळलाच. रेतीच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं दोन महिने ठोकत राहिले. मी आठ वर्षांची होते, साबणाचा वास आला की मला अजून तो उन्हाळा आठवतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बाबांना घेऊन नांदेड गाठलं. व्यंकटराव त्यांच्या जिनिंगच्या ऑफिसात होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दाखला पाहिजे. बसकीचा पुढचा भाग बाबांनी घडवला, एवढंच लिहून द्या."

"अगं पोरी, तू शिकलेली हायस," ते गोड हसले. "जर्मन म्हनल्यावर गिऱ्हाईक कसं ताठ बसतंय बघ. तुझ्या बापानं, मारोतीनं केली म्हनलं तर कोन हात लावंल? मी असं लिव्हून देतो की जर्मन कारागिरांच्या हाताखाली मारोती मदतनीस होता. लई झालं की."

मदतनीस! जे कारागीर जन्मालाच आले नाहीत त्यांच्या हाताखाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "न्हाई मालक. तसला नको."

"मग ऱ्हाऊ दे. रविवारी गिऱ्हाईक येनारंय, सकाळी येऊन फडकं मार."

परतीच्या एसटीत मी बाबांशी भांडले. त्यांनी टेबलावर मूठ का आपटली नाही, म्हणून. बाबा म्हणाले, "खोटा दाखला घेऊन पोरायला काय शिकवू?" माझा राग आणखीच वाढला.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मायला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "मला बी बघू द्या जर्मन कसे दिसतेत." जिनिंगच्या अंगणात बसकी उन्हात उभी होती आणि मी कितीही चिडले असले तरी खोटं बोलणार नाही, गाडी देखणी होती. दलाल तिच्याभोवती नाचत होता. गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात छोटी बॅटरी. ते कुणाशी बोलत नव्हते, फक्त गाडीवरून तळहात फिरवत होते. नाकापाशी येऊन थांबले. पुन्हा फिरवला.

"जर्मनीत कुठे झालं हे काम? कागद असतील ना?" त्यांनी विचारलं.

दलालानं व्यंकटरावांकडे बघितलं. व्यंकटराव म्हणाले, "दुष्काळात गहाळ झाले."

"दुष्काळात पानी गहाळ झालं व्हतं, मालक. कागद न्हाई," माय म्हणाली.

सगळे वळले. व्यंकटराव गुरकावले, "नागुबाई, तिकडं सावलीला बस." पण आता मी कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. मी त्या गृहस्थांना सांगितलं की आमच्या मराठवाड्यात जर्मन म्हणजे काय, बाबा काय म्हणाले आणि यांनी काय छापलं. दलालाचं तोंड उघडंच राहिलं.

गृहस्थांनी बाबांना विचारलं, "तुम्ही केलंत? कशावरून?"

बाबांनी बॉनेट उघडलं. ते म्हणाले, "उजेड आत मारा, साहेब. दिव्याच्या मागं." गृहस्थांनी खाली वाकून बॅटरी आत धरली. मलाही तेव्हाच कळलं. लग्नात मामानं दिलेल्या भांड्यांवर ठशानं ठोकून मायचं नाव घातलं होतं. त्या उन्हाळ्यात तिनं एकच मागणं मागितलं होतं, माझं नाव मोडू नका. बाबांनी नावाची बाजू आत घेऊन, तेवढी जागा वाचवून, भोवतीचा पत्रा ठोकला होता.

"ही स्वयंपाकाची भांडी आहेत," गृहस्थ सरळ होत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता की कौतुक, मला कळलं नाही.

व्यंकटरावांचा चेहरा मात्र लालबुंद झाला. "मारोती! तुमच्या घरातली भांडी माझ्या गाडीला लावली? मला न सांगता?"

त्यांना काय खुपलं हे तिथल्या गड्यांनाही कळलं. त्यांच्या ओसरीवर बाबांना अजूनही पाणी वरून ओतून मिळायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

माय पदर खोचून पुढे आली. "आन् चौदा दसरे? हळद-कुंकू लावून, झेंडूची माळ घालून, कुनापुढं नारळ फोडत व्हतात? माझ्या पातेल्यापुढंच ना? तवा न्हाई बाटलात?"

एक गडी फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला.

गृहस्थांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांना आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना गाडी हवी होती. ते म्हणाले, "गाडी मी घेतो. पण मला तिचा खरा इतिहास लेखी लागतो. कुणी, कधी, कशानं घडवलं ते मालकांनी आत्ता स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. नाहीतर मी निघालो."

"दोन प्रती करा," मी म्हटलं. "एक आम्हाला."

दलालानं कागद दिला, मध्ये कार्बन घातला. व्यंकटरावांनी बसकीच्या टपावर तो ठेवला. खालमानेनं, दात खात लिहू लागले. मी खांद्यामागून एकेक शब्द वाचत होते. 'सदर गाडीचा पुढील भाग सन १९७२ मध्ये मारोती' इथे पेन थांबलं.

"पूर्ण नाव लिहा," गृहस्थ म्हणाले.

व्यंकटरावांनी वर बघितलं. "मारोती, आडनाव काय रे तुझं?"

खडी फोडताना हजेरी यांच्याच माणसानं घेतली होती. दोन महिने यांच्याच शेडमध्ये ठोकाठोक चालली होती. त्यानंतर गाडीला पोचा पडला की दर वेळी यांचाच माणूस आम्हाला न्यायला यायचा. मला रडू फुटायच्या बेतात होतं, मी आडनाव ओरडून सांगणार होते. बाबांनी माझा हात दाबला.

"आत लिव्हलंय, मालक," ते शांतपणे म्हणाले. "वाका अन् वाचा."

व्यंकटरावांनी गृहस्थांकडे बघितलं. त्यांनी बॅटरी पुढे केली. अंगणात सगळे बघत होते. व्यंकटरावांनी धोतर सावरलं, एक हात बसकीच्या नाकावर टेकवला आणि खाली वाकून, अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं, "नागुबाई... मारोती... गजभारे."